टेम्पोची मोकळी पाठ

मंडळी, आजचा वीकांताचा लेख एका शब्दापासून सुरू करतो. टेम्पो. घर बदलायचं, टेम्पो. मांडवाचे बांबू आणायचे, टेम्पो. पेणहून गणपती आणायचा, टेम्पो. इतका घरचा शब्द की तो आपल्या आजीच्या तोंडी जन्मला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात ते एका जर्मन कंपनीचं ब्रँडनेम आहे. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात ‘विडाल अँड सोन’ नावाची कंपनी ‘टेम्पो’ या नावाने छोट्या मालगाड्या बनवायची. ती कंपनी जर्मनीत केव्हाच संपली, नाव मात्र आपल्या गल्लीबोळात जिवंत राहिलं. झेरॉक्स, डालडा आणि टेम्पो, तिघांचं नशीब एकच!

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या कंपूत सध्या चाललेलं एक खूळ. मी, निल्या आणि ऑफिसातला आणखी एक मित्र, तिघं पनवेलचे. तिघंही सोमवार ते शुक्रवार ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जाणारे. गेल्या पावसाळ्यात तिघांनी ठरवलं की एक छोटी व्हॅन घ्यायची, तिच्यात मागे बिछाना, शेगडी, पाण्याचा कॅन असं सगळं बसवायचं आणि शुक्रवारी रात्री निघून थेट कोकण गाठायचं. निल्याच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, यात वेगळाच मुद्दा घातला. काकू तळोजा एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांना पोळीभाजीचे डबे पुरवतात. सध्या ते डबे भाड्याच्या रिक्षाने जातात. त्या म्हणाल्या, "गाडी घेताच आहात तर माझे डबे नेणारी घ्या. पैसे मी घालते. पण मग ती आठवड्याचे पाच दिवस माझी."

म्हणजे रिक्वायरमेंट अशी: पाच दिवस माल, दोन दिवस मुक्काम. एकाच गाडीत. आणि पैसे काकूंच्या बचतीतले, त्यामुळे प्रयोग फसला तर आमचा वीकांत नाही, त्यांचा धंदा बुडणार. आता माझ्यासारखा माणूस कोड लिहिण्याआधी जुना कोड वाचतो. तसं मी गाडीचा विचार करण्याआधी गाड्यांचा इतिहास वाचायला बसलो. आणि वाचता वाचता लक्षात आलं की आपण ज्याला नवीन फॅड म्हणतोय, त्याच्या खाणाखुणा आपल्याच गावात पडल्या आहेत.

पनवेलची चाकं

पनवेल म्हणजे आज एक्स्प्रेसवे, मॉल आणि बिल्डरांच्या जाहिराती. पण हे मुळात एक बंदर होतं. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने खाडीतून पनवेलला यायचा आणि इथून पुढे घाट चढायचा. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी घाटावरचा बराचसा माल बैलांच्या पाठीवरून, वंजारी आणि लमाण तांड्यांबरोबर खाली यायचा. रस्ता झाला आणि पाठीवरचं ओझं चाकांवर आलं.

आता घाट उतरून आलेल्या बैलगाडीचा विचार करा. दगडी उतार, मागून ढकलणारं वजन, चाकांची पार वाट लागलेली. अशी गाडी पनवेलला पोचली की गाडीवानाला पहिली गरज कशाची? नव्या चाकांची. ब्रिटिशांच्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये पनवेलच्या नोंदीत याचीच साक्ष आहे: गाडीची चाकं बनवणं हा इथला मुख्य धंदा, आणि देशावरून खाली येणारा गाडीवान जमलं तर पनवेलच्या चाकांची एक जोडी घेऊनच परत जातो. वाचून मला जाम भारी वाटलं. माझं गाव एकेकाळचं स्पेअर पार्ट्सचं मार्केट होतं!

आणि बैलगाडी ही वस्तू इंजिनिअरच्या नजरेने बघा. खाली तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वर तापवून चढवलेली लोखंडी धाव, झालं चाक. मधे आस. वर साटा. हा खालचा भाग कायमचा. साट्याच्या वर काय ठेवायचं ते मात्र हंगामावर. शेणखत न्यायचं तर बाजूंना तट्ट्या. कडबा न्यायचा तर तट्ट्या काढून नुसतं पसरट. जत्रेला बायकापोरं न्यायची तर वर छप्पर आणि खाली पेंढा, त्यावर गोधडी. रात्री त्याच गाडीखाली झोपायचं. माल आणि मुक्काम, दोन्ही एकाच गाडीत, आणि कुठेही काही कापाकापी नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतमार्गे गेली, पनवेलला बाजूला टाकून. पुण्याचा प्रवासी आता होडीने पनवेलला कशाला येईल? बंदराचं महत्त्व ओसरत गेलं. पण वर म्हटलेली गॅझेटिअरची नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, म्हणजे रेल्वे येऊन चाळीसेक वर्षं झाल्यावरही चाकांचा धंदा टिकून होता. प्रवासी गेला तरी माल वाहणारा माणूस येत राहिला. त्याला रेल्वेच्या स्टेशनपासून आपल्या दारापर्यंत जायचं होतंच.

१९५८: तीन चाकं आणि एक कल्पना

हे ‘दारापर्यंत’ नेण्याचं काम स्वातंत्र्यानंतर कोण करणार, हा मोठा प्रश्न होता. ट्रक मोठा आणि महाग. हातगाडी आणि बैलगाडी हळू. मधली जागा रिकामी. ती जागा हेरली अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) नवलमल फिरोदियांनी. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला हा माणूस पुढे उद्योगात आला आणि १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. पहिली गाडी हॅन्सियाट, विडाल अँड सोनच्या परवान्यावर बनवलेली तीनचाकी. कंपनीचा कारखाना नंतर पुण्याजवळ आकुर्डीला स्थिरावला.

हॅन्सियाटची गंमत तिच्या रचनेत आहे. इंजिन पुढच्या एकुलत्या एका चाकापाशी, आणि तेच चाक गाडी ओढणार. म्हणजे गाडीची सगळी ‘अक्कल’ पुढे. मागे उरली फक्त एक चौकट आणि दोन बिचारी चाकं. ना मागे जाणारा शाफ्ट, ना मागच्या आसावर डिफरन्शिअलचा गोळा. त्या चौकटीवर हौदा ठेवा, पेटी ठेवा, टाकी ठेवा, पुढच्या भागाला त्याचं काही देणंघेणं नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर कंपनीने पुढचा भाग बंद करून दिला आणि मागे एक स्वच्छ इंटरफेस उघडा ठेवला. त्याला काय जोडायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. दूधवाल्याने एक जोडलं, कापडवाल्याने दुसरं. माझ्या मते ‘टेम्पो’ हा शब्द सामान्यनाम व्हायचं कारण हेच. गाडी कुठली ते महत्त्वाचं राहिलंच नाही. पाठ मोकळी असलेली कुठलीही छोटी गाडी म्हणजे टेम्पो.

मॅटॅडोर आणि तिची जर्मन बहीण

१९६९ मध्ये बजाज टेम्पोने चारचाकी मॅटॅडोर आणली. तोवर जर्मनीत विडालची कंपनी हानोमागच्या ताब्यात गेली होती, आणि मॅटॅडोर ही हानोमागच्या एफ-२० मालिकेची भारतीय आवृत्ती. डिझेल इंजिन आणि पुन्हा फ्रंट व्हील ड्राइव्ह. शाफ्ट मागे जात नसल्यामुळे मागची फळी जमिनीपासून कमी उंचीवर आणि सपाट. पोतं चढवणाऱ्या हमालाच्या कमरेला विचारा, चार-सहा इंचांचा फरक म्हणजे काय!

याला एक तोटाही होता, तो भौतिकशास्त्राचा. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. ओढणारी चाकं मात्र पुढे. मागे माल ठासून भरला आणि घाटाचा ओला चढ लागला की पुढची चाकं हलकी होऊन घसरायला बघतात. म्हणून माल पुढे, केबिनच्या पाठीला चिकटवून भरायचा. हे शहाणपण मॅन्युअलपेक्षा घाटातच जास्त चांगलं शिकता येतं.

शाळेची मॅटॅडोर, वऱ्हाडाची मॅटॅडोर, दवाखान्याची मॅटॅडोर. साधारण तीस वर्षं ही गाडी महाराष्ट्राने पडेल त्या कामाला जुंपली. आणि आता मजा बघा. हीच गाडी तिकडे जर्मनीत पुढे मर्सिडीजच्या नावाने एल २०६ डी म्हणून विकली गेली. तिची तीच सपाट, खाली असलेली फळी बघून तिथल्या लोकांना सुचलं की इथे पलंग आणि ओटा छान बसेल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हायमर या कंपनीने आपली हायमरमोबिल, म्हणजे चाकांवरचं घर, याच गाडीवर बांधली. एकाच पोटच्या दोन बहिणी. एक सुट्टीवर समुद्रकिनारी गेली, दुसरी दादरच्या फुलबाजारात. :-)

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आम्हा तिघांसाठी जास्त कामाची निघाली. फोक्सवॅगनची प्रसिद्ध व्हॅन मार्च १९५० मध्ये बनायला लागली आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया या गाडीबांधणी कारखान्याने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आज कॅम्परव्हॅन म्हटली की डोळ्यांसमोर कायमचं बांधलेलं आलिशान घर येतं. हा बॉक्स तसा नव्हता. कपाट, शेगडीची जागा, बसायच्या गाद्या ज्या उलगडल्या की बिछाना, असा तो सुटा संच होता. उचलून आत ठेवायचा, काम झालं की बाहेर काढायचा. कारण तेव्हाचा जर्मन गिऱ्हाईक युद्धातून नुकता सावरत होता. त्याला सुट्टीसाठी वेगळी गाडी परवडत नव्हती. आठवडाभर त्याच व्हॅनमधून दुकानाचा माल जायचा आणि शनिवारी बॉक्स चढवून घरची मंडळी निघायची.

अगदी काकूंची रिक्वायरमेंट! सत्तर वर्षांपूर्वीचीच.

या व्हॅन पुढे आपल्याकडेही आल्या, पण पाहुण्या म्हणून. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे गाड्या हाकत येणाऱ्या गोऱ्या पोरांचा एक ओघ होता, आणि त्यातल्या अनेकांचं शेवटचं स्टेशन गोवा. मुंबईहून रस्त्याने गोव्याला जायचं तर वाट पनवेलवरूनच. पळस्प्याला पुण्याचा रस्ता सोडायचा आणि गोव्याच्या रस्त्याला लागायचं. तेव्हा तो एनएच १७ होता, आज ६६ आहे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो जमिनीवरचा रस्ता बंद पडला.

आपल्याकडे मुक्काम नव्हता का?

यावर कुणी म्हणेल, की बघा, कॅम्पिंग हे गोऱ्यांचंच. साफ चूक. आषाढी वारी आठवा. आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात आणि वाटेत मुक्काम करत पंढरपूरला पोचतात. वारकरी चालत असतो, पण त्याची वळकटी, दिंडीचे तंबू, भांडी, शिधा कुठे असतो? दिंडीच्या ट्रकमध्ये. हा ट्रक पुढे जातो, मुक्कामाच्या जागी राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि दिंडी पोचते तेव्हा स्वयंपाक तयार. मुक्काम हलला की सगळं पुन्हा ट्रकच्या पोटात. वारी संपली की तोच ट्रक कांदे वाहायला मोकळा. तमाशाचे फड आणि तंबूतले सिनेमे वर्षानुवर्षं याच पद्धतीने गावोगाव फिरले.

गणपतीच्या आधी पेणच्या रस्त्यावर उभे राहा. टेम्पोच्या हौद्यात फळ्या टाकून दोन मजले केलेले, खाली पेंढ्याची गादी, मूर्तींच्या मधे पेंढ्याच्या गुंडाळ्या. दोन दिवसांनी त्याच टेम्पोत भाजी. मूर्तीला धक्का न लागू देणारं हे सस्पेन्शन कुठल्याच कंपनीने डिझाइन केलेलं नाही.

फरक एवढाच, की आपल्याकडे मुक्काम हा कामाचा किंवा भक्तीचा भाग होता, आणि तिकडे तो सुट्टीचा झाला. गाडीला यातलं काहीच कळत नाही. तिच्यासाठी सगळंच वजन.

व्हॅन लहान होत गेली

१९८४ मध्ये मारुती व्हॅन आली. सुझुकीच्या जपानी छोट्या व्हॅनचा भारतीय अवतार, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली. १९८८ पासून तिचं नाव ओम्नी. नाक नसलेली गाडी, त्यामुळे लांबी जवळजवळ सगळी माणसांच्या आणि मालाच्या कामाची. हिंदी सिनेमावाल्यांनी ती अपहरणाला वापरून बदनाम केली, पण महाराष्ट्रात ती शाळेची व्हॅन होती, ॲम्ब्युलन्स होती, फोटोग्राफरचं सामान होती. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०१० मध्ये आलेली ईको आज तिची जागा चालवते.

दुसरीकडे बजाज टेम्पोने १९८७ मध्ये मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर बेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर आणली. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोक अजूनही ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात. त्याच २००५ मध्ये टाटांनी पुण्यात बनवलेली एस बाजारात आणली, आपला छोटा हत्ती. ७०२ सीसी, दोन सिलिंडर, आणि जिथे रिक्षा कमी पडते आणि ट्रक शिरत नाही तिथे बरोबर बसणारी. १९५८ मध्ये हॅन्सियाटने भरलेली मधली जागा, नव्याने भरलेली.

कायदा काय म्हणतो

इथवर वाचून आम्ही खूश होतो. मग मी मोटार वाहन कायदा उघडला. वीकांताचा सत्यानाश.

१९८८ च्या कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. सुरुवातीला नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने बदल करायला बरीच मोकळीक होती. २००० सालच्या दुरुस्तीने ते घट्ट केलं: कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात आणखी दुरुस्ती झाली. त्यात परवानगी न घेता बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘बदल’ म्हणजे काय, तर गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचं मूळ स्वरूपच बदलेल.

कॅम्पर कायद्यात नाहीच असं नाही. ‘मोटर कॅरॅव्हॅन’साठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण ती वाट प्रमाणित गाडी बांधणाऱ्यांची. जुन्या व्हॅनमध्ये घरी ड्रिल घेऊन बसलेल्या तीन इंजिनिअरांची नव्हे.

काकूंच्या बाजूने दुसराच पेच. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे मुळात मालासाठी न बांधलेली गाडीसुद्धा माल नेण्यासाठी वापरली तर ती मालवाहू ठरते. म्हणजे खासगी पाचसीटर घेऊन रोज डबे नेणं हा ‘कोण बघतंय’ छापाचा कारभार. आणि विमा कंपनी नेमकी अपघात झाल्यावरच बघते. धंद्यासाठी रीतसर मार्ग म्हणजे मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परमिट लागत नाही, हा त्यातला दिलासा. पण मालवाहू व्हॅनमध्ये सीट दोनच!

मामांचं वर्कशॉप

माझ्या एका मामांचं कळंबोलीला बॉडी बांधायचं छोटं वर्कशॉप आहे. लोखंड बाजारामुळे तिथे ट्रकांची कायम वर्दळ. मामा ऐंशीच्या दशकात हेल्पर म्हणून लागले, मॅटॅडोरच्या पाठीवर पेट्या बांधत शिकले. पूर्वी गिऱ्हाईक येऊन हातवारे करून सांगायचं, मामा खडूने जमिनीवर आखायचे आणि आठ दिवसांत पेटी उभी. आता बस, ट्रक सगळ्यांच्या बॉडीला मानकं आहेत, कागद आहेत. मामांचं काम निम्म्यावर आलंय. म्हणून मला वाटलं होतं, मामा कायद्याला शिव्या घालतील आणि आमची गाडी आनंदाने कापून देतील.

मी माझं ड्रॉइंग दाखवलं. एका बाजूला कायमचा पलंग, सरकत्या दाराला आडवा. मागच्या दाराशी ओटा, त्याखाली गॅसचा छोटा सिलिंडर. मामांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"झोपणार कुठं तोंड करून?"

"पुढे डोकं, मागे पाय."

"आणि मागं शेगडी. पेटली तर बाहेर कुठून येशील? हे दार तू पलंगानं बंद केलंस, ते दार आगीनं."

मी गप्प. मामा पुढे म्हणाले, "समृद्धीवर ती बस पेटली तेव्हा दोन रात्री मला झोप नव्हती. मी बांधलेली नव्हती रे. पण दार बांधणारा माणूस दाराचाच विचार करतो."

१ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवर आडवी झाली होती. ती बातमी मी मोबाईलवर वाचली होती, हळहळलो होतो आणि विसरलो होतो. मामा विसरले नव्हते. ज्या नियमांनी त्यांचा धंदा निम्मा केला, त्यांतला बाहेर पडायच्या वाटेचा नियम त्यांना मनापासून मान्य होता. "कागदं घालायला लावतात त्याचा राग येतो," म्हणाले, "पण दाराचा नाही."

मग त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर चार चौकोन आखले. "गाडीला हात लावू नको. पेट्या कर. प्लायच्या, उचलता येतील अशा. रिकाम्या पेट्या जोडल्या की बिछाना. सोमवारी काढून गॅलरीत. डब्यांसाठी वेगळी मांडणी, तीही सुटी. दोन्ही एकाच पट्ट्यांनी बांध, म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढं येणार नाही. शेगडी गाडीबाहेर, नेहमी."

मला एकदम साटा आणि तट्ट्या आठवल्या. आणि वेस्टफालियाचा बॉक्स. मामांनी यातलं काहीही वाचलेलं नाही.

तर, ठरलं काय?

काकूंच्या नावावर मालवाहू ईको, रीतसर नोंदणी, रीतसर विमा. गाडीला एकही नवं भोक नाही. वजनाचा हिशोब मी एक्सेलमध्ये मांडला (सवय!). पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो, पेट्या आणि गाद्या मिळून ४० च्या आत, जड सामान खाली आणि दोन आसांच्या मधे. टपावर काहीही नाही. उंच आणि अरुंद गाडीच्या डोक्यावर ओझं दिलं की वळणावर ती कलते, आणि कोकणच्या रस्त्यावर वळणांशिवाय आहे काय? पेट्या जोडून फरशीवर आखून बघितलं तर मी कर्णात झोपलो की मावतो, निल्या सरळ मावतो. उंचीचा पहिल्यांदाच तोटा झाला.

सीट दोनच, म्हणून एका खेपेला दोघंच जाणार. धावत्या मालगाडीत मागे माणूस बसवायचा नाही, यावर काकू आणि मामा यांचं एकमत आहे, आणि त्या दोघांपुढे आमचं बहुमत चालत नाही. तिसरा एसटीने येणार. पहिली पाळी माझी आहे, एसटीची.

इतिहास वाचून मिळालं काय, असं निल्याने विचारलं. मला वाटतं, एक प्रश्न मिळाला. गाडी ‘आपली’ करायची म्हणजे तिला कापायचं, असं आपण धरून चालतो. पण या सगळ्या काळात ज्या गाड्यांनी खरंच माणसांची घरं चालवली, त्या बहुतेक न कापता बदलल्या गेल्या. बैलगाडीचा साटा, हॅन्सियाटची चौकट, दिंडीचा ट्रक. पाठ मोकळी ठेवली की आज डबे, उद्या बिछाना, परवा गणपती. पलंग कायमचा ठोकला की ती फक्त आमच्या सुट्टीची गाडी झाली असती, आणि काकूंचे डबे पुन्हा भाड्याच्या रिक्षात.

पुढच्या शनिवारी मामांकडे प्लाय कापायला जायचंय. बिजागऱ्या कुठल्या घ्याव्या यावर निल्या आणि माझं अजून वाजतंय. असो. गाडीत बसून नाही, गाडीच्या मापाने विचार करा, एवढं आज पुरे.